जुन्या जीपला औत: शेडमधल्या नोंदी

३ नोव्हेंबर

गाडी शेडमध्ये आली. विलीस सीजे-२ए, १९४७ची. इंजिन तिच्याच जातीचं: चार सिलिंडरचं एल-१३४, २.२ लिटर, कागदावर मिनिटाला ४००० फेऱ्यांना ६० एचपी. कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर १०० पीएसआयच्या आसपास, आपसात फार फरक नाही. रिंगा आणि व्हॉल्व्ह सध्या आहेत तसेच राहू देत.

अशी गाडी हाती लागली की बहुतेक लोक रंग, छत आणि दिव्यांच्या कड्या यांच्या मागे लागतात. आम्हाला तिच्याकडून औत ओढून घ्यायचंय. म्हणून आधी खाली शिरून मागचा आडवा मेंबर हातोडीने वाजवून पाहिला. आवाज खणखणीत. डाव्या कोपऱ्यात जुन्या वेल्डिंगला बारीक चीर आहे, ती घासून परत भरायची. मूळचा ड्रॉबार, म्हणजे औत जोडायचा आडवा दांडा, जागेवर आहे, फक्त भोकं झिजून लांबट झालीत. पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद औताला किंवा यंत्राला देणारा शाफ्ट, नाही. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या तोंडावर नुसती झाकणाची प्लेट बसवलेली.

ती प्लेट पाहूनच गाडी घ्यायचं ठरलं होतं. १९४५मध्ये युद्ध संपता संपता विलीसने जीप सामान्य गिऱ्हाइकाला विकायला काढली, तेव्हा डोळ्यासमोर शेतकरीच होता. मागे उघडणारी फळी, ड्रॉबार, पीटीओची सोय, हवा असेल तर इंजिनाच्या फेऱ्या एकसारख्या ठेवणारा गव्हर्नर. जाहिरातीत जीप नांगरताना दिसायची. जाहिरात किती खरी होती ते आता कळेल.

७ नोव्हेंबर

आज पाना हातात घेतला नाही, नुसता हिशेब केला.

लष्करी जीप आणि ही, बाहेरून फारशी वेगळी नाही. फरक पोटात आहे. लष्करी एमबीचा पहिला गिअर २.६६, ट्रान्सफर केसचा लो (हळू चालायचा गिअर) १.९७, एक्सल ४.८८. तिन्हींचा गुणाकार साधारण २५.६. सीजे-२एचा पहिला २.८०, लो २.४३, एक्सल ५.३८. गुणाकार साधारण ३७. चाक ६.००-१६चं, एका फेरीत साधारण २.२ मीटर जातं. इंजिन १५०० फेऱ्यांवर धरलं तर लष्करी जीप जास्तीत जास्त हळू म्हणजे ताशी पावणेआठ किलोमीटर, आणि ही सव्वापाच. नांगरटीला ४ ते ६चा वेग लागतो. लष्करी जीपला नांगर जोडणाऱ्यांच्या तक्रारी असायच्या त्यामागचं अर्धं कारण या दोन आकड्यांत आहे.

आता ओढ. इंजिनाचा टॉर्क २००० फेऱ्यांना साधारण १४.५ किलोग्रॅम-मीटर. गुणिले ३७, भागिले चाकाची त्रिज्या ०.३५ मीटर. घर्षणात जातं ते वजा करूनही चाकांच्या टोकाशी तेराशे किलोची ओढ मिळते. गाडीचं वजन मात्र सुमारे एक टन. न नांगरलेल्या कोरड्या जमिनीवर वजनाच्या निम्मी पकड मिळाली तरी खूप झालं, म्हणजे पाचशे किलो. चाकं फिरून माती उडवतील, इंजिन मात्र बंद पडणार नाही.

नांगराच्या बाजूने बघू. बारा इंची फाळ, सहा इंच खोल: कापलेल्या मातीचं तोंड साधारण ४५० चौरस सेंटिमीटर. मध्यम जमिनीत चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो धरला तर २२५ किलो, भारी चिकण जमिनीत त्याच्या दुप्पट. म्हणजे एकफाळी नांगर आरामात, दोनफाळी मध्यम जमिनीत काठावर, भारीत नाही. आणि २२५ किलो सव्वापाचच्या वेगाने ओढायला लागणारी शक्ती फक्त चार-साडेचार एचपी. इंजिनात १५०० फेऱ्यांना याच्या कितीतरी पट शिल्लक आहे.

तेव्हा एचपीचा आकडा बाजूला ठेवतो. काम अडणार ते वजनावर, उष्णतेवर, क्लचवर आणि स्प्रिंगांवर. पुढचं सगळं हेच धरून करू.

१० नोव्हेंबर

गिअरबॉक्समधलं तेल कमी, ट्रान्सफर केसमधलं काठोकाठ. टी-९० गिअरबॉक्स आणि स्पाइसर १८ ट्रान्सफर केस या जोडीची ही जुनी खोड: मधल्या बाजूने तेल एकीकडून दुसरीकडे सरकतं. दोन्हीकडे एकाच वर्गाचं तेल, जीएल-४, ९० नंबर. जीएल-५ इथे नको. त्यातलं गंधकाचं रसायन सिंक्रोच्या कांस्य रिंगा खातं. दोन्ही एक्सलमध्ये मात्र जीएल-५च, कारण तिथे हायपॉइड गिअर आहेत. डबे वेगळ्या रंगाने रंगवून ठेवले, म्हणजे घाईत अदलाबदल व्हायला नको.

१७ नोव्हेंबर

रेडिएटर उतरवला. रस्त्यावर गाडी धावते तेव्हा समोरून वारा येतो. शेतात ताशी पाच किलोमीटरवर वारा कसला, सगळी मदार पंख्यावर. त्यात रेडिएटरच्या पाकळ्यांमध्ये वाळलेलं गवत, बी आणि धूळ. मागून पुढे पाणी मारून साफ केला. पुढून मारलं तर कचरा आत आणखी दाबला जातो. थर्मोस्टॅट बाहेर काढून गरम पाण्यात टाकून पाहिला, उघडतोय. पंख्याभोवतीचं पत्र्याचं आवरण नव्हतं, ते करून बसवलं. आवरण नसेल तर पंखा कडेकडेची गरम हवाच परत परत ओढत बसतो.

पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर नेली आणि कापडी बाही घातली. हळू चालताना बॉनेटखाली इतकी उष्णता साठते की नळीतलं पेट्रोल उकळून बुडबुडे होतात आणि गाडी विनाकारण बंद पडल्यासारखी वाटते.

एअर क्लीनर तेलाच्या बशीचा आहे. काढला, धुतला, नवं तेल भरलं. नांगराच्या धुळीत हा रोज बघावा लागणार. ज्याला ते जमणार नाही त्याने अशा गाडीने कुळवायला जाऊच नये.

२४ नोव्हेंबर

गव्हर्नर मिळाला, पट्ट्यावर चालणारा. बसवायला अख्खा दिवस गेला, पण या एका जोडणीने गाडी बदलली.

गव्हर्नर नसताना शेतात गाडी चालवून बघावी म्हणजे कळतं. ढेकळावर चाक चढलं की पाय पॅडलवरून उडतो, इंजिन एकदम ओरडतं किंवा बुडतं. कठीण पट्टा आला की फेऱ्या कमी होतात, पाय दाबावा तोवर मऊ जमीन येते आणि गाडी उसळते. गव्हर्नरमध्ये दोन वजनं फिरतात. फेऱ्या वाढल्या की ती बाहेर फेकली जातात आणि कार्ब्युरेटरचं झाकण किंचित मिटवतात, कमी झाल्या की उघडतात. डॅशवरच्या दांडीने फेऱ्या एकदा ठरवायच्या आणि पाय मोकळा. मग दोन्ही हात स्टिअरिंगला आणि डोळे मागच्या औताकडे.

एकदा ठरवलेली दांडी रस्त्यावर जाताना पूर्ण परत ढकलायची. डॅशवर लाल रंगाने बाण काढलाय.

१ डिसेंबर

मागचा मेंबर भरून घेतला आणि आतून पट्टी मारली. ड्रॉबारची भोकं भरून नव्याने पाडली. लेथवाल्या काकांनी पिन करून दिली आणि एकच प्रश्न विचारला: "औत उंच लावणार का खाली?" खाली, काका. ओढ जितकी खाली, तितकं पुढचं तोंड जमिनीवर राहतं. ड्रॉबार चेसिसच्या वरच्या रेषेत असता तर ओढ वाढताच पुढची चाकं हलकी झाली असती.

८ डिसेंबर

पहिलं काम: तव्यांचा कुळव, ओढून न्यायचा. आधी नांगरलेल्या तुकड्यावर. पहिला लो, १५०० फेऱ्या. कुळव स्वतःच्या वजनाने बसतो आणि गाडी फक्त ओढते. खोली, उंची, स्प्रिंग, कशाचाच प्रश्न नाही. चारही चाकांची पकड असल्यामुळे मोकळ्या मातीतसुद्धा गाडी बुडाली नाही. मागच्याच चाकांवर ओढणारा, तेवढ्याच वजनाचा ट्रॅक्टर इथे जास्त घसरला असता.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. स्पाइसर १८मध्ये लो लावायचा तर पुढचा एक्सल जोडलेलाच लागतो, आतली पिन दुसरं काही होऊ देत नाही. मातीत ठीक, कारण चाकं थोडी घसरून हिशेब जुळवतात. टणक जमिनीवर वळताना मात्र पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांशी भांडतात आणि शाफ्ट पिळला जातो. धुऱ्यावरच्या कडक पट्ट्यावर वळायचं असेल तर शक्यतो मऊ बाजू धरून वळावं.

वळण हीच खरी डोकेदुखी. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात, एक दाबला की तो जागच्या जागी फिरतो. जीपचा ब्रेक चारही चाकांना एकदम लागतो. म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना रुंद पट्टा सोडला आणि मधल्या तासांच्या रेषा सोडून सोडून घेतल्या. अण्णा धुऱ्यावर उभे राहून बघत होते. "अरे, रस्ता मोठा सोडलास, शेत लहान केलंस," एवढंच म्हणाले. बरोबरच आहे त्यांचं.

१३ डिसेंबर

पाण्याचं तापमान ८०च्या जरा वर गेलं, पुढे चढलं नाही. पत्र्याचं आवरण कामाला आलं.

१५ डिसेंबर

नांगर. बारा इंची, एकफाळी, ओढून न्यायचा, स्वतःच्या चाकांचा आणि दोरी ओढून उचलायचा. वापसा चांगला होता. पहिलं तास सरळ गेलं. दुसऱ्या तासाला उजवी चाकं तासात घातली आणि गाडी उजवीकडे खेचायला लागली. स्टिअरिंग सतत डावीकडे धरून हात भरून आले.

संध्याकाळी कागदावर मांडलं. या गाडीच्या चाकांमधलं अंतर ४८ इंचांच्या आसपास, टायर सहा इंची. उजवं चाक तासाच्या भिंतीला लागून चालतं, म्हणजे भिंत गाडीच्या मधल्या रेषेपासून २१ इंच उजवीकडे. तिथून डावीकडे बारा इंच माती नांगर कापतो. नांगराचा मध्य मधल्या रेषेपासून १५ इंच बाजूला पडतो. सव्वादोनशे किलोची ओढ पंधरा इंच बाजूने लागली की गाडी तिकडे वळणारच.

गंमत अशी की दोनफाळी नांगरात हाच आकडा नऊ इंचांवर येतो. मोठा नांगर सरळ चालतो, लहान तिरका ओढतो. पण दोनफाळी ओढायला वजन नाही. मार्ग दोन: फाळ सोळा इंची घ्यायचा, म्हणजे मध्य तेरा इंचांवर येतो, किंवा ड्रॉबारवर जोड थोडा उजवीकडे सरकवून अर्धा तिरकेपणा गाडीने आणि अर्धा नांगराच्या बाजूपट्टीने (तासाच्या भिंतीला घासत चालणाऱ्या पट्टीने) सोसायचा. दुसरा मार्ग आजच करता येतो, म्हणून तोच. ड्रॉबारमध्ये तीन-तीन इंचांवर भोकं पाडून घ्यायची.

आणखी एक. तासातली चाकं खाली आणि कोऱ्या जमिनीवरची वर, म्हणजे गाडी सतत उजवीकडे कललेली. वजन तासातल्या चाकांवर जातं आणि डावी चाकं हलकी होऊन फिरतात. डिफरन्शियल उघडं आहे, तिथे अडवायला काही नाही. ट्रॅक्टरवाले अशा वेळी डावा ब्रेक हलकेच दाबतात. आपल्याकडे तो उपाय नाही. डाव्या चाकाला बाहेरून लोखंडी वजन लावायचं.

१९ डिसेंबर

ड्रॉबारची भोकं झाली. जोड सहा इंच उजवीकडे. हातावरचा ताण बराच कमी झाला, नांगराची बाजूपट्टी मात्र लवकर झिजणार.

२८ डिसेंबर

हायड्रॉलिक लिफ्टचं काम. जीपसाठी त्या काळी मन्रोची लिफ्ट आणि न्यूग्रेनची अवजारं मिळत. आज तो संच मिळायचा म्हणजे नशीब. आम्ही इंजिनाच्या पट्ट्यावर पंप, एकमार्गी सिलिंडर, आणि मागे दोन खालचे हात व एक वरचा असा तीन जोडांचा सांगाडा केला. उचलण्यात अडचण नाही, सिलिंडर भक्कम आहे. अडचण खाली ठेवल्यावर सुरू होते, आणि ती सविस्तर लिहून ठेवण्यासारखी आहे.

ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला स्प्रिंग नसते. एक्सल, बॉडी आणि हात हे सगळं एकच लोखंड, म्हणून हात जिथे ठेवले तिथेच राहतात. जीपला पाटे आहेत. नांगर मातीत शिरला की मागची बाजू खाली दबते. बाजू दबली की नांगर आणखी खोल जातो, खोल गेला की ओढ वाढते, ओढ वाढली की बाजू आणखी दबते. मग चाकं फिरतात, गाडी थांबते, पाटे परत वर येतात आणि नांगर अर्धवट बाहेर. मागे वळून पाहिलं तर तासाचा तळ खाली-वर, खाली-वर.

हॅरी फर्ग्युसनने हीच गोष्ट ट्रॅक्टरवर कशी सोडवली ते बघण्यासारखं आहे. त्याच्या पद्धतीत वरच्या हातावर नांगराचा दाब येतो आणि तो दाबच हायड्रॉलिकला सांगतो की ओढ वाढली, जरा उचल. उचलताच नांगराचं आणि मातीचं वजन मागच्या चाकांवर येतं आणि पकड वाढते. १९३९च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर ही जोडणी आली, पुढे १९४६पासून फर्ग्युसनच्या टीई२० ट्रॅक्टरवर. टीई२० वजनाने या जीपपेक्षा फार जड नाही, इंजिन तर अर्ध्याहून कमी ताकदीचं, तरी तो मध्यम जमिनीत दोनफाळी नांगर घेऊन निघतो. त्याला वजन जमिनीतून उसनं घेता येतं. आमच्या लिफ्टला फक्त वर आणि खाली एवढंच कळतं.

अण्णांनी सुचवलं की चेसिसच्या आणि एक्सलच्या मध्ये लाकडी ठोकळे घालून स्प्रिंग बंदच करावी. "अण्णा, मग रस्त्यावर आणताना चेसिसला धक्के बसतील, तुम्ही म्हणता ते शेतापुरतं ठीक आहे," म्हटलं. पिनेने लावता-काढता येणारे ठोकळे केले. फरक पडला, पण पुढचे पाटे दबतात-उठतात तेव्हा गाडी नाकावर झुलते, आणि मागच्या नांगराची खोली त्यानेही बदलते.

शेवटी ठरलं ते असं: लिफ्टचं काम फक्त उचलून नेणं. खोली ठरवायचं काम नांगरावर बसवलेल्या छोट्या चाकाचं. काम करताना सिलिंडर मोकळा सोडायचा, म्हणजे नांगर त्याच्या चाकावर जमिनीच्या उंच-सखलाप्रमाणे चालतो आणि गाडीच्या स्प्रिंगा हव्या तेवढ्या नाचू देत. वजन उसनं मिळत नाही, त्यावर पुढे बघू.

४ जानेवारी

वजनाचा हिशेब. दीडशे किलोचा नांगर उचलून धरला, त्याचा मध्य मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे. व्हीलबेस २.०३ मीटर. म्हणजे पुढच्या एक्सलवरून ७४ किलो उचलले जातात आणि मागच्यावर २२४ पडतात. रस्त्यावर स्टिअरिंग हलकं लागतं ते यामुळे. पुढच्या बंपरवर, एक्सलच्या ६० सेंटिमीटर पुढे, साठ किलो लोखंड ठेवलं की ७८ किलो परत मिळतात. तशी पेटी केली, आत लोखंडाचे तुकडे आणि झाकणाला कडी.

टायरच्या ट्यूबमध्ये पाणी भरलं, तीन-चतुर्थांश. चाकामागे वीस-बावीस किलो एवढंच. मोठ्या ट्रॅक्टरच्या चाकात शेकडो किलो मावतात, त्यापुढे हे काहीच नाही. पण टायरमधलं पाणी पाट्यांच्या खालच्या बाजूला असतं. ते थेट जमिनीवर पडतं, स्प्रिंग दाबत नाही. त्यामुळे मागे लोखंड लादण्यापेक्षा हे बरं. जिथे पाणी गोठतं तिथे लोक त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. त्याने रिम गंजते.

९ जानेवारी

क्लचला वास. साडेआठ इंची प्लेट आहे, रस्त्यावरच्या गाडीसाठी केलेली. नांगर जमिनीत रुतलेला असताना क्लच अर्धा सोडून गाडी काढायची सवय लागली तर ती एका हंगामात जाईल. नियम फळ्यावर लिहिला: नांगर वर असतानाच गाडी चालू करायची, चालत असताना खाली सोडायचा. थांबायचं तर आधी उचलायचा. चालवणारा कोणीही असो.

१८ जानेवारी

पीटीओ बसवला. झाकणाची प्लेट काढून त्या तोंडावर गिअर, तिथून मागे शाफ्ट, शेवटी सहा खाचांचा, १ ३/८ इंचाचा प्रमाणित शाफ्ट.

आता याची मर्यादा. जीपचा पीटीओ गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून चालतो. म्हणजे जो गिअर, तो त्याचा वेग, आणि क्लच दाबला की चाकंही थांबतात आणि पीटीओही. उभ्या गाडीवर हे उत्तम: ट्रान्सफर केस न्यूट्रल, गिअरबॉक्स टॉपमध्ये, गव्हर्नरने ५४० फेऱ्या धरायच्या आणि पंप, लाकूड कापायची करवत, कडबा कापायचं यंत्र, काहीही चालवायचं. रिव्हर्समध्ये उलटाही फिरतो, अडकलेला पाला सोडवायला बरा.

चालताना मात्र गणित बिघडतं. टॉप आणि लोमध्ये पीटीओचा वेग बरोबर, पण गाडी १५०० फेऱ्यांना ताशी पंधरा किलोमीटर पळते. पहिल्या आणि लोमध्ये गाडी सव्वापाचवर येते, तर पीटीओ २.८ पटीने मंदावतो. रोटाव्हेटरला जमीन हळू आणि पाती जोरात लागतात. ते इथे एकत्र मिळत नाही. रोटाव्हेटरचा विषय बंद केला. ज्यांना तोच हवा त्यांनी ट्रॅक्टर घ्यावा, जीपला छळू नये.

गवत कापायच्या यंत्राला एकमार्गी क्लच शाफ्टवर हवाच. पाती जड असतात. क्लच दाबला तरी त्यांची गती पीटीओमधून उलटी गिअरबॉक्समध्ये येते आणि गाडी पुढे ढकलते. समोर कुंपण असेल तर ब्रेक पुरत नाही.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं आवरण. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेऱ्या. कापड अडकलं तर हात मागे घ्यायला वेळच नसतो. आवरणाशिवाय पीटीओ सुरू करायचा नाही. इथे चर्चा नाही.

२ फेब्रुवारी

जुनी माहिती वाचताना दिसलं की हे सगळे प्रश्न त्या काळच्या इतरांनाही पडले होते. लँड रोव्हरच्या जन्मामागे रोव्हर कंपनीचा इंजिनिअर मॉरिस विल्क्स याच्या वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या शेतातली विलीस जीपच होती. १९४७चा पहिला नमुना जीपच्याच चेसिसवर बांधला, स्टिअरिंग मधोमध, ट्रॅक्टरसारखं. ते पुढे सोडून दिलं. ३० एप्रिल १९४८ला आम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात गाडी आली तेव्हा व्हीलबेस जीपइतकाच, ८० इंच. पीटीओ मागे आणि मध्येही देता यायचा. बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, कारण स्टील रेशनवर होतं.

जर्मनीच्या युनिमॉग गाडीने उलट वाट धरली. रस्त्याच्या गाडीतून ट्रॅक्टर काढण्यापेक्षा ट्रॅक्टरमधून गाडी काढली. चाकांमधलं अंतर १२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींचं. एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर, त्यामुळे पोट उंच. पीटीओ पुढे आणि मागे. १९४८मध्ये बोएरिंगरने बनवायला घेतलं, १९५१पासून डाइम्लर-बेंझने. २५ एचपीचं डिझेल, कमाल वेग ताशी ५० किलोमीटर. जीपच्या निम्म्याहून कमी ताकद, तरी शेतात कितीतरी जास्त उपयोगी. पुन्हा एचपीचा आकडा बाजूलाच.

७ फेब्रुवारी

उभ्या पिकात डवरणीचा प्रयत्न करणार नाही. डिफरन्शियलखाली जेमतेम वीतभर जागा, चाकांतलं अंतर बदलता येत नाही. ओळी गाडीच्या मापाने पेरल्या तरी पीक गुडघ्याला आलं की पोटाला लागणार. पेरणीपर्यंत जीप, मधल्या मशागतीला दुसरं साधन.

१६ फेब्रुवारी

पेरणीयंत्र ओढलं. याला जीप अगदी जुळते. वजन कमी, वेग एकसारखा लागतो आणि तो गव्हर्नर देतो. पेरणी यंत्राच्या चाकावरून होते, म्हणजे पीटीओ नको, लिफ्ट नको. दुसरा लो घेतला, फेऱ्या हजाराच्या आसपास, ताशी साडेसहा किलोमीटर. मागे फळी बांधली. अण्णा या वेळी धुऱ्यावर उभे न राहता बाजूच्या सीटवर बसले आणि मागे वळून बी पडतंय का ते बघत राहिले. ट्रॅक्टरवर दुसऱ्या माणसाला बसायला अशी जागाच नसते, हे खरं.

२१ फेब्रुवारी

मागच्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटला ग्रीस. मागचा मेंबर परत वाजवून पाहिला, नवीन वेल्डिंगला चीर नाही. डाव्या मागच्या चाकाची लोखंडी वजनं लावली, बोल्ट लांब घेतले.

१ मार्च

सोळा इंची फाळ बसवून पाहिला, मध्यम जमिनीत, सहा इंच खोल. मध्य तेरा इंचांवर, ड्रॉबारचा जोड सहा इंच उजवीकडे. स्टिअरिंग जवळजवळ सरळ. ओढ तीनशे किलोच्या आसपास असावी. डावी चाकं अधूनमधून फिरली, वजनं लावल्यावर कमी. चिकण पट्ट्यात गेल्यावर चारही चाकं जागीच खणायला लागली. तिथे नांगर एक इंच वर घेतला आणि गाडी निघाली. एवढा फरक एका इंचाचा.

पाणी ८५वर. रेडिएटरमध्ये परत गवताचं बी. पुढे बारीक जाळी लावायची, ती सरकवून काढता येईल अशी, म्हणजे दर चार-पाच तासांनी झटकता येईल.

७ मार्च

जाळी झाली. क्लच प्लेट काढून मोजली, अजून निम्म्याहून जास्त जाडी शिल्लक. फळ्यावरचा नियम पाळला जातोय असं दिसतंय. प्लेट परत बसवली, थ्रो-आउट बेअरिंग मात्र नवीन. पुढच्या आठवड्यात करवतीसाठी पट्ट्याच्या पुलीचा ब्रॅकेट. पुलीचं तोंड गाडीच्या कडेला येईल असं बघायचं, म्हणजे पट्टा ओढताना गाडी सरळ उभी करता येईल आणि चाकांना ठोकळे लावता येतील.